शेरा: चर्चा करा

वीज कंपनीत साहेब झाल्यावर मला मिळालेलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे फाईलवर हिरव्या शाईने शेरा मारणं. माझा लाडका शेरा एकच: ‘चर्चा करा’. एवढं लिहिलं की कोराडीचा असो की हिंगण्याचा, इंजिनिअर फाईल काखेत मारून नागपुरात माझ्या केबिनमध्ये हजर! आधी थोडी फाईल, मग चहा, मग कोणाच्या साळ्याचं लग्न कसं मोडलं ते नकलांसकट. नकला अर्थात मी करायचो.

मग फाईली संगणकावर गेल्या. सभागृहात त्याचं प्रशिक्षण कोणी दिलं? अस्मादिकांनीच! हातात माईक घेऊन मी गरजलो, ‘आता साहेबाच्या दारात ताटकळणं बंद!’ टाळ्यांनी सभागृह दणाणलं. त्या टाळ्या जरा जास्तच मनापासूनच्या होत्या, हे मला उशिरा कळलं.

दारात खरंच कोणी येईना. समोरच्या खुर्चीवर शिपायाने प्रिंटरचं रिकामं खोकं ठेवलं, ते तिथेच राहिलं. मी दिवसभर ‘मंजूर’ दाबत बसायचो. एकदा संध्याकाळी घरी बायकोने काही विचारलं, तर माझ्या तोंडून भलताच घोगरा आवाज निघाला. सकाळपासून वापरलाच नव्हता ना!

मे महिन्यात हिंगण्याहून नवीन ट्रान्सफॉर्मरची फाईल आली. पाठवणाऱ्या इंजिनिअर बाई पूर्वी माझ्या केबिनमध्ये माझीच नक्कल माझ्यापेक्षा चांगली करायच्या. फाईल निर्दोष होती. मी ती परत पाठवली. शेरा टाईप केला: ‘समक्ष चर्चा करा’.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाई आल्या. तोंडाला स्कार्फ, नुसते डोळे दिसत होते.

“काय चुकलं साहेब? रस्ताभर आठवून राहिली, मले तर काही सापडेना.”

“बसा तर आधी.” मी लगबगीने खोकं उचललं. “चहा सांगितलाय.”

“चहा राहू द्या साहेब. फाईल परत आली की उशीर माझ्या नावावर चढते. तिकडे कारखान्यावाले फोनवर फोन करून राहिले.”

“तो ट्रान्सफॉर्मर… म्हणजे, आजूबाजूला काय आहे तिथे?”

“कडुनिंब आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खोक्याकडे. “एवढ्यासाठी बोलावलं काहून, साहेब?”

जन्मभर मैफली गाजवलेला माणूस मी! खोकं टेबलावर ठेवलं आणि ‘मंजूर’ दाबलं. त्यांचा मोबाईल वाजला. “येते साहेब,” म्हणत त्या निघाल्यासुद्धा. मागून चहा आला. दोन्ही कप मीच प्यालो.

त्यांची पुढची फाईल आली ती अशी, की विचारायला काही शिल्लकच नाही! जागेचे चारी बाजूंनी फोटो, प्रत्येकाखाली खुलासा. ‘पूर्वेला कडुनिंब’ हेसुद्धा लिहिलेलं. चूक सापडावी म्हणून मी ती दोनदा वाचली. शेवटच्या फोटोच्या कोपऱ्यात, त्या झाडाखाली, लाईनमन चहा पीत बसलेले होते. एक जण मान मागे टाकून हसत होता. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, चेहऱ्याचे नुसते चौकोन होईपर्यंत. काय बोलणं चाललं असेल?

शेऱ्याच्या रकान्यात ‘चर्चा’ एवढं टाईप केलं. पुसलं. मंजूर दाबलं.