पाटाची लेक

"मग ही पहिल्याची, का ह्या पाटाच्याची?"

हे माझ्याबद्दल विचारलं होतं. माझ्यासमोर. माझ्या आईच्या देखत. विचारणाऱ्या बाईंच्या हातात ओवाळायचं ताम्हण होतं आणि तोंडावर हसू होतं.

लोणावळ्यातल्या एका हॉटेलाचा हॉल. समाजसेवा करणाऱ्या एका क्लबाचा कार्यक्रम. डॉक्टर, वकील, बिल्डर, बंगलेवाले, त्यांच्या बायका. स्टेजवर मोठा फ्लेक्स, फ्लेक्सवर आमच्या सरांचा हात जोडलेला फोटो, आणि वर 'वंचितमित्र पुरस्कार'. त्यातले वंचित म्हणजे आम्ही. आम्हाला मागच्या दारानं आत घेतलं, स्वयंपाकघराच्या बाजूनं.

सर म्हणजे आमच्या भागातल्या ठाकर आदिवासींच्या मुलींचं वसतिगृह चालवतात ते. तळेगावचे. मी त्याच वसतिगृहात वाढले, बारावी झाले, पुढं बी. ए. केलं आणि तिथंच अधीक्षिका म्हणून लागले. अधीक्षिका म्हणायला मोठं वाटतं. पोरींना उठवायचं, जेवायला वाढायचं, कुणाला ताप आला तर दवाखान्यात न्यायचं, एवढंच. राहायला एक खोली मिळाली होती. ती नोकरी गेली तर मला दुसरी नव्हती, हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून सर म्हणाले तेव्हा मी मान डोलावली. सर म्हणाले होते, "एखाद्या लाभार्थी मातेच्या हातून औक्षण झालं पाहिजे. तुझी आई बरी दिसेल. आणि गोल साडी नको हं, तुमच्या पद्धतीनं लुगडं नेसून यायला सांग."

आमच्या पद्धतीनं! आई कित्येक वर्षं गोलच साडी नेसते. लुगडं तिनं शेजारच्या म्हातारीकडून मागून आणलं. आंदर मावळातल्या वरच्या वाडीतून टेम्पोत बसून आली. तिला गाडी लागते. वाटेत दोनदा उलटी झाली. तरी खुशीत होती. लेकीच्या सायबाचा सत्कार, आणि ओवाळायचा मान तिचा. माझा बा पण आला होता, इस्त्रीची टोपी घालून. तो सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला, अर्ध्याच खुर्चीवर, कुणी उठवलं तर उठायला बरं पडावं म्हणून.

क्लबाच्या अध्यक्षांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. मीही म्हटलं. वहिनी आईला शिकवत होत्या. "आधी कुंकू लावायचं, मग अक्षता, मग ओवाळायचं. कळलं का, मावशी?"

आई म्हणाली, "व्हय की. आमी बी ओवाळतो भावाला."

आजूबाजूच्या बायका हसल्या. आईही हसली. तिला वाटलं, आपण काहीतरी चांगलं बोललो.

मग वहिनींचं लक्ष आईच्या कपाळाकडं गेलं. उलटी झाल्यावर आईनं तोंड धुतलं होतं, त्यात कुंकू गेलं होतं. नुसतं गोंदण राहिलं होतं. वहिनी जरा थांबल्या. "सवाष्ण आहात ना? नाही, विचारून घेतलेलं बरं."

इथं कुणीही शहाणी बाई 'हो' म्हणून मोकळी झाली असती. माझ्या आईला एका शब्दात उत्तर देता येत नाही. आमच्यात कुणालाच येत नाही. कुणी विचारलं कुठं निघालास, तर आम्ही कुठून आलो तिथून सुरू करतो. आई हनुवटीनं मागं दाखवत म्हणाली, "हाय की. त्यो काय टोपीवाला, त्यो माझा मालक. पयला हिरड्याच्या झाडावरनं पडून मेला. मंग ह्याच्यासंगं पाट लागला."

वहिनींनी ताम्हण स्वतःकडं ओढलं. झटका नाही, काही नाही. हळूच. आईचे हात तसेच पुढं राहिले.

"म्हणजे तुम्ही तशा विधवाच ना, खरं तर."

"आता कशी इधवा? त्यो बसलाय की जिता."

"तसं नाही हो मावशी. औक्षण शुभ असतं. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मागं उभ्या राहा, फोटोत याल बरोबर."

आई माझ्याकडं वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "काय चुकलं गं माझं?"

तिला खरंच कळलं नव्हतं. कळणार कसं? आमच्यात नवरा मेला तर बाई रडते, दिवस घालते, आणि वय असलं तर चार माणसं बसून तिचा पाट लावतात. दुसरा नवरा, दुसरा संसार. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. पाटाची म्हणून आईला वाडीत कुणी कधी हळदीला मागं बसवलं नाही. तो शब्द शिवीसारखा वापरता येतो, हे मला तळेगावच्या शाळेत कळलं होतं. आईला ते तिच्या या वयात, भाड्याच्या हॉलमध्ये, दुसऱ्याचं लुगडं नेसून कळलं.

सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. कुणीतरी त्यांच्या कोटाला बिल्ला लावत होतं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "सर..."

"जाऊ दे गं," सर म्हणाले. "ज्याच्या त्याच्या घरच्या पद्धती असतात. आज वाद नको. तू कर औक्षण."

वहिनी खूश झाल्या. "हो, हिला करू दे की. कुमारिका आहे ना? चालतं." आणि मग त्यांना शंका आली. मग त्यांनी ते विचारलं. मग ही पहिल्याची, का ह्या पाटाच्याची?

मी पाटाच्याचीच. सरांना ते ठाऊक होतं. मी सरांच्या तोंडाकडं बघत राहिले. हा माणूस काहीतरी बोलेल असं मला वाटलं. हजार भाषणं केलेला माणूस.

सर म्हणाले, "अहो, तेवढं कोण बघतंय."

'असं विचारू नका', हे नाही. 'लाज वाटू द्या', हे नाही. कोण बघतंय! म्हणजे डाग आहे, पण दिसत नाही, चालवून घ्या. वहिनींनी ताम्हण माझ्या हातात दिलं आणि मी घेतलं. हो, घेतलं. खोली डोळ्यांसमोर आली, पगार आला, आणि हात पुढं झाला. मला स्वतःची किळस आली.

खरं सांगायचं तर हा हात मला लहानपणापासून पुढं करायला शिकवला होता. वसतिगृहात पाहुणे यायचे. आम्ही ओळीत उभं राहून स्वागतगीत म्हणायचो. एकदा एका पाहुण्या बाईनं सगळ्यांसमोर माझी वेणी सोडून केस उकलून बघितले. उवा सापडल्या नाहीत. ती सरांना म्हणाली, "छान ठेवलंय हो तुम्ही." बाजारात शेळीचे दात बघून म्हणतात तसं. आणि मला तेव्हा अभिमान वाटला होता! दिवसभर पोरींना सांगत फिरले. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

कार्यक्रम सुरू झाला. दीप लावला, हार घातले. आई कोपऱ्यात खांबापाशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी स्टेजच्या पायरीशी ताम्हण घेऊन. एक जण मानपत्र वाचायला लागला. गोड आवाज, रेडिओवर असतो तसला. अंधारात चाचपडणाऱ्या डोंगरदऱ्यांतल्या लेकरांना बोट धरून उजेडात आणणारे वगैरे. मी ऐकतही नव्हते. मग एक वाक्य आलं.

"आदिवासी समाजात विधवा पुनर्विवाहाची चळवळ रुजवणारे द्रष्टे समाजसुधारक..."

टाळ्या. वहिनींनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

ही चळवळ कुठली ते मला माहीत होतं. माझ्या धाकट्या मावशीचा पाट. तिचा नवरा विजेच्या धक्क्यानं गेला होता. वाडीनं ठरवलं, माणूस बघितला, दिवस धरला. सर सहज वर आले होते. त्यांनी मावशीला आणि तिच्या नव्या नवऱ्याला हार घातले, मध्ये उभं राहून फोटो काढून घेतला. पेपरात आलं, विधवेचं पुनर्वसन. आम्ही काही बोललो नाही. म्हटलं, जाऊ दे, चांगला माणूस आहे, आयत्या पिठावर चार रेघोट्या ओढल्या तर आपलं काय जातं. काय जातं ते त्या दिवशी कळलं. ज्या रीतीसाठी त्यांना शाल मिळत होती, त्याच रीतीसाठी माझ्या आईला खांबापाशी उभं केलं होतं. त्याच हॉलात, त्याच माणसांनी.

"आता सरांची लाभार्थी कन्या औक्षण करेल."

मी वर गेले. सर खुर्चीत बसले होते, टोपी नीट केली, कपाळ पुढं केलं. मी ताम्हण त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवलं आणि माईकपाशी गेले. वसतिगृहात सरांनी माझं 'न्हाई' घालवून 'नाही' केलं होतं, टोकून टोकून. त्या दिवशी तोंडातून वाडीचंच आलं.

मी म्हटलं, "माझ्या आईचा पाट लागलेला हाय. माझ्या आज्जीचा बी लागलेला. तवा सर जन्माला बी आलं न्हवतं. आमच्यात नवरा मेला म्हून बाईला कुणी कोपऱ्यात हुबं करत न्हाई. आज हितं केलं. ती बघा तितं हुबी हाय. चळवळ करायचीच असंल तर ती वाडीत नगा करू. हितं करा, लोणावळ्यात."

एवढंच. जास्त सुचलंही नाही.

निवेदकानं माईक घेतला आणि म्हणाला, "धन्यवाद, अतिशय भावनिक मनोगत." आणि काही लोकांनी टाळ्या वाजवल्या! ऐकलंच नव्हतं त्यांनी. आमच्यासारखीचं बोलणं संपलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना ठाऊक. वहिनींनी मात्र ऐकलं होतं. मी उतरताना म्हणाल्या, "खाल्ल्या घरचे वासे मोजते."

मी आईचा हात धरला, बाला खूण केली. जेवायला थांबलो नाही. टेम्पोवाला म्हणाला, कार्यक्रम संपल्याशिवाय गाडी हलणार नाही. एसटीनं कान्हे फाट्यापर्यंत आलो, पुढं वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप, आणि शेवटी चाल. आई वाटभर मला बोलत होती. "कुणी सांगितलं हुतं त्वांड उघडाया? मला काय त्याला ववाळायची हौस हुती व्हय? नोकरी घालवलीस. आता खा डोंगराची माती!" ती रागानं रडत होती. मीही रडत होते. चढण लागल्यावर बा थांबला, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "पाट लागला तवा म्या तुझ्या आयला पयल्याचं काय बी इचारलं न्हाई. त्या बाईला काय नड हुती?"

आम्ही चालत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. रागावले नाहीत. सर कधी रागावत नाहीत, दुखावतात. "मी तुला लेकीसारखं वाढवलं. तू वहिनींना फोन कर, गैरसमज झाला म्हण. मग बघू आपण नोकरीचं."

सरांनी माझ्यासाठी केलं, हे मी नाकारत नाही. एका पोरीला साप चावला होता तेव्हा ते स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले, रात्रभर दवाखान्यात बसले. ती पोरगी आज जिवंत आहे. पण केलं म्हणून मालकी येत नाही. लेकीसारखी म्हणायचं आणि लेकीच्या आईला खांबाशी उभं होऊ द्यायचं, यातलं एक काहीतरी खोटं आहे. मी म्हटलं, "गैरसमज झाला न्हाई, सर. समज आला." आणि वसतिगृहावर जाऊन खोली रिकामी केली. पोरी दारात उभ्या होत्या. त्यांना सोडून येताना आतडं तुटलं, ते अजून सांधलेलं नाही.

आता मी कार्ल्याजवळ एका रिसॉर्टवर खोल्या आवरते. चादरी बदलते, संडास धुते. बी. ए. झालेली बाई. आई अजून टोमणा मारते, आणि तिचं चूक नाही. पण इथं मला कुणी लेक म्हणत नाही. काम सांगतात, काम करते, घरी जाते.

परवा सरांचा पुन्हा फोन आला. वाडीत एक पाट लागायचा आहे, कोवळी पोरगी आहे, तिचा माणूस खाणीत मेला. सरांना कुठूनतरी कळलं. म्हणाले, "क्लब सगळा खर्च करतोय. मांडव, जेवण, साड्या. पत्रकार येतील. वहिनी स्वतः येणार आहेत. झालं गेलं विसरू. तू वाडीला समजाव."

मी त्या पोरीला विचारलं. साड्या मिळतील, जेवण मिळेल, हेही सांगितलं, लपवलं नाही. आणि पेपरात तिच्या नावाखाली काय छापतील तेही सांगितलं. ती म्हणाली, "माझं पुनर्वसन कशापायी? मी काय धरणात बुडले व्हय?"

मी सरांना तसंच कळवलं. वर माझं सांगितलं. पाहुणे म्हणून या, कॅमेरा न आणता या, खाली पंगतीत बसा, भाकरी वाढू. पाट लावणारे म्हणून आलात, तर वाडीत पाऊल टाकू देणार नाही. तुम्हाला नाही, वहिनींना नाही, कुणालाच नाही.