सासूचं वेगळं पासबुक

माझा नवरा डाळमिलमध्ये हमाल होता. तुरीच्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि तो गेला. मिलच्या सेठनं आधी हा आमचा माणूसच नव्हे म्हणून सांगितलं. दोन वर्षं अकोल्याला कामगार न्यायालयाच्या तारखा चालल्या. शेवटी सेठच्या वकिलानं तडजोड केली आणि सेठनं भरपाईची रक्कम कोर्टात भरली.

वाटणीच्या दिवशी मी आणि सासू जऊळक्याहून सकाळच्या गाडीनं गेलो. न्यायाधीश साहेबांनी रकमेचे तीन हिस्से केले. माझ्या मुलीचा हिस्सा ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून, एक माझा, एक सासूचा. सासूचं खातं नव्हतं. आमचा वकील म्हणाला, म्हातारीचेही सुनेच्याच खात्यात टाकले तर लवकर होईल. मी मान हलवली. घर एक, चूल एक. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सासू म्हणाली, "नाही सायेब. माहे पैसे माह्या नावानं टाका."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी खाली बघत राहिले. दोन वर्षं प्रत्येक तारखेला हिला हाताला धरून जिना चढवला, आणि चार लोकांत हिनं मला परकी केली, असं तेव्हा वाटलं. परतीच्या गाडीत तिनं चिवड्याची पुडी पुढे केली. मी घेतली नाही.

खातं काढायला मात्र मीच नेलं, दुसरं नेणार कोण. बँकेतलं मशीन तिचा अंगठा घेईना. जन्मभर शेतात निंदण करून बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. मी तिची बोटं पदरानं पुसली आणि एकेक करून मशीनवर दाबली. डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. पैसे यायला आणखी महिना गेला. त्या महिन्यात आम्ही दोघी कामापुरतं बोललो.

पासबुकात रक्कम छापून आली त्या दिवशी बँकेबाहेरच्या ओट्यावर बसून तिनं माझ्याकडून आकडा दोनदा वाचून घेतला. मग मी विचारलंच, "आत्या, माह्यावर भरोसा नव्हता काय?"

"भरोशाचं काहून काढतं?" ती म्हणाली. "तू अजून तिशीची नाही. उद्या दुसरं घर केलं, तं मी कोनत्या तोंडानं तुले पैसे मांगू? अन तुले बी माह्यापायी अडकून पडा लागन."

"मी कुठी नाही चालली."

"नोको जाऊ. पन जाशीन तं मोकळी जाय."

पोटच्या लेकाच्या जिवाचे पैसे आले त्याच दिवशी ती माझ्या दुसऱ्या लग्नाचं बोलत होती, आणि आवाज रोजच्यासारखाच होता. फक्त पासबुक पिशवीत ठेवताना तिला पिशवीचं तोंड सापडेना. मी धरून दिलं.

तिनं त्यातून दोन शेळ्या घेतल्या. मी पिको-फॉलचं मशीन घेतलं. लग्न केलं नाही, अजून तरी. किराणा एक महिना ती भरते, एक महिना मी. तिच्या महिन्यात तेल जरा कमी येतं. मी काही म्हणत नाही.