डाव्या कोपऱ्यातली लोरेटा

कॅझ ग्रिगास आमच्या रस्त्यावर, माझ्या घरासमोर राहायचा. दिवसा तो शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचा आणि बेसबॉलचा सामना असेल त्या दिवशी पिवळं जाकीट चढवून स्टेडियममध्ये लोकांना जागा दाखवायचा. स्टेडियम आमच्या गल्लीच्या टोकाला होतं. कॅझचा विभाग डाव्या कोपऱ्यातला, पिवळ्या खांबामागचा. पाऊस पडून गेलेला असला की हातात लोकरीचा जाड पंजा घालून तो एकेक खुर्ची पुसायचा.

लोरेटा त्याला तिथेच भेटली. त्याने तिची खुर्ची पुसून दिली, तर ती म्हणाली, "मागची बाजू कोण पुसणार? तुमची आई?" पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. लग्नानंतरही ती त्याच खुर्चीवर बसत राहिली. मांडीवर धावांचा तक्ता आणि कानामागे पेन्सिल. मूलबाळ झालं नाही. आमचा संघ, स्टोकर्स, फारसा जिंकायचा नाही, आणि त्याबद्दल ती दोघं कधी फार बोलत नसत. हरले की चालत घरी यायची, कोबीचं सूप गरम करायची आणि झोपायची.

लोरेटा आजारी पडली ती उन्हाळ्यात. शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी तिच्याजवळ बसत असे, म्हणजे कॅझला आंघोळ आणि झोप मिळे. एका दुपारी तिने आम्हा दोघांसमोर सांगितलं, "मला त्या टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवू नकोस. तिथे सगळे तुझ्या बहिणीच्या बाजूचे आहेत. मला माझ्या कोपऱ्यात ठेव."

कोपरा म्हणजे कुठला, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. गल्लीतल्या अर्ध्या घरांतला कुणाचा ना कुणाचा बाप, काका राख होऊन त्या मैदानात मिसळलेला आहे. क्लबची सक्त मनाई होती. पण मैदानाची निगा राखणारा ऑर्विल टिबेट्स आमच्यातलाच. हंगामाचा शेवटचा सामना संपून लोक पांगले की तो तुमच्या हातात दाताळं द्यायचा आणि पाण्याचा नळ तपासायला पलीकडे जायचा. त्याला कुणी कधी पैसे दिलेले मला माहीत नाहीत. नाताळात मात्र त्याच्या घरी केक इतके जमायचे की तो ते पोस्टमनला वाटायचा.

त्याच आठवड्यात लोरेटा गेली आणि तिचं दहन झालं. अडचण होती ती आमच्या चर्चच्या फादर कॉन्रॉय यांची. रक्षा पवित्र जमिनीतच पुरली पाहिजे, उधळायची नाही, ह्या बाबतीत फादर ठाम होते. प्रार्थनासभेच्या आदल्या सकाळी कॅझ माझ्या मागच्या दाराशी आला.

"पेग, तुझी पिठाची चाळणी देतेस?"

"कशाला?"

"अंगणातल्या शेगडीची राख चाळायची आहे. त्यात मांसाचे जळके तुकडे आहेत. ते कलशात खुळखुळले तर फादरना ऐकू जाईल."

मी चाळणी दिली. सिस्टर्सच्या शाळेत बारा वर्षं काढल्यामुळे ह्या पापाला काय म्हणतात ते मला नेमकं ठाऊक होतं, म्हणून पुढे काही विचारलं नाही. "परत आणू नकोस," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी टेकडीवर फादरनी कॅझच्या शेगडीच्या राखेवर पवित्र पाणी शिंपडलं, आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि कॅझच्या बहिणीला रडू आवरेना. लोरेटा सप्टेंबरच्या अखेरीस डाव्या कोपऱ्यात गेली. कॅझने दाताळं फिरवलं. मी वर तिच्या खुर्चीवर बसून होते. ऑर्विल बराच वेळ नळ तपासत होता.

त्यानंतर कॅझचं आयुष्य साधं झालं. हंगामात रोज कोपऱ्यात, हिवाळ्यात घरात. निवृत्त झाल्यावरही त्याने पिवळं जाकीट सोडलं नाही. कधी विचारलं, "आज कसा झाला सामना?" तर म्हणायचा, "ठीक. गवत बरं आहे."

मग क्लबच्या मालकाने जाहीर केलं की हे स्टेडियम जुनं झालं, नवं बांधून मिळालं नाही तर संघ दुसऱ्या राज्यात नेऊ. काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, मतपत्रिकेवर प्रश्न घातला: स्टेडियमसाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवायचा का? होय की नाही?

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी आमच्या चर्चच्या तळघरात तळलेले मासे आणि कोबीची कोशिंबीर असते. सगळी वस्ती जेवायला येते. तिथेच क्लबने एक माणूस पाठवला, ब्रेंट लॅसिटर नावाचा, आणि त्याच्याबरोबर टेबलभर पसरलेली नव्या स्टेडियमची प्रतिकृती. तिच्यात आमची गल्ली होती, आमची घरं काड्यापेटीएवढी. नवं स्टेडियम जुन्याच्या शेजारी, जिथे गाड्या उभ्या राहतात तिथे. जुन्याच्या जागी हिरवी मखमल.

आमच्या शेजारचा स्टॅन बिएलाक कागदी ताटली घेऊन टेबलापाशी आला. "म्हणजे मी बूट घेतले की कर, टोस्टर घेतला की कर, आणि मालकाला नवी बोट."

"बोट नाही, स्टेडियम," लॅसिटर हसून म्हणाला.

"बोट त्याच्याकडे आधीच आहे, स्टॅन," स्टॅनची बायको डॉट म्हणाली. "तू कोशिंबीर सांडतोयस स्टेडियमवर."

कॅझ बराच वेळ त्या मखमलीकडे बघत उभा होता. शेवटी त्याने विचारलं, "जुन्या मैदानाचं काय करणार?"

"बाग, सर. मुलांसाठी. मैदान जसं आहे तसंच ठेवायचं. पिवळे खांबसुद्धा."

"गवत?"

"जसं आहे तसं."

कॅझने एक बोट पुढे केलं आणि मखमलीच्या डाव्या कोपऱ्यावर टेकवलं. "हे काढणार नाही ना?"

"बिलकूल नाही, सर."

कॅझने आयुष्यात कुणाला कुठे मत द्यायचं ते सांगितलं नव्हतं. त्या वसंतात त्याने अंगणात "होय"चा फलक रोवला आणि दारोदार फिरला. लोक त्याला ओळखत होते, कारण त्याने त्यांच्या खुर्च्या पुसल्या होत्या. स्टॅनने त्याला पायरीवर उभं करून बरंच सुनावलं.

"तुला काय मिळणार आहे रे ह्यात? फुकट पॉपकॉर्न?"

"मैदान राहील."

"मैदानाचं काय लोणचं घालायचंय?"

"स्टॅन, तुझा भाऊ कुठे आहे?"

स्टॅनचा भाऊ मैदानात उजव्या बाजूला, कुंपणापाशी होता. स्टॅन आत गेला. त्याने होय म्हणून मत दिलं असं डॉटने मला नंतर सांगितलं. प्रस्ताव थोडक्यात मंजूर झाला. आमच्या वस्तीच्या मतांनी, असं सगळे म्हणाले. कॅझला पाठीवर थापा मिळाल्या. मीही होयच म्हटलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात क्लबने सांगितलं की खर्च वाढला आहे. हमरस्त्यालगत एक गाव मालमत्ता कर माफ करून फुकट जमीन देत आहे आणि ते आमच्याच काउंटीत असल्यामुळे करार मोडत नाही. नवं स्टेडियम तिकडे होईल. जुनी जागा एका गोदाम कंपनीला विकली. बागेबद्दल बातमीत काहीच नव्हतं.

कॅझने क्लबला फोन केला. बराच वेळ संगीत वाजलं. लॅसिटर आता दुसऱ्या शहरात दुसऱ्या संघासाठी काम करतो, असं एका मुलीने गोड आवाजात सांगितलं. मग काउंटीची सभा झाली. तिथे कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतं. माइकवर दिवा असतो. हिरवा, पिवळा, लाल. मी कॅझबरोबर गेले. त्याने कोट घातला होता.

तो माइकपाशी उभा राहिला आणि दिवा हिरवा झाला. खरं सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर ऑर्विलची पेन्शन गेली असती आणि टेकडीवरच्या थडग्यात काय आहे ते फादरना कळलं असतं. सभागृहात आमच्या वस्तीतले कितीतरी जण बसले होते. ज्यांचे बाप आणि काका मैदानात होते, ते सगळे खाली बघत होते. दिवा पिवळा झाला.

"गवताचं काय?" तो म्हणाला.

अध्यक्ष बाईंनी कागद चाळले. "मिस्टर ग्रिगास, गवताचे चौकोन कापून चाहत्यांना विकणार आहेत. प्रमाणपत्रासह. नोंदणी सुरू झाली आहे."

"बरं," कॅझ म्हणाला. दिवा अजून पिवळाच होता. तो जागेवर येऊन बसला. घरी येताना गाडीत म्हणाला, "म्हणजे विकत घ्यायची तिला."

त्याने नोंदणी केली. डावा कोपरा, खांबाजवळचा चौकोन, आधी पैसे भरून. शेवटचा सामना झाला. त्यात तो कामावर होता. खुर्च्या कोरड्या होत्या तरी त्याने पुसल्या, असं डॉट म्हणाली. मी गेले नाही, मला सर्दी झाली होती.

चौकोन घ्यायचा दिवस शनिवार होता, ढगाळ. लोक ढकलगाड्या, प्लास्टिकचे टब घेऊन आले होते, एक बाई तर बाळाची गाडी घेऊन. कॅझने अंगणात जागा खणून ठेवली होती, दिवाणखान्याच्या खिडकीसमोर. ऑर्विल फाटकाशी उभा राहून नावं वाचत चौकोन देत होता. आमची पाळी आली तेव्हा त्याने चौकोन उचलला, पण कॅझच्या हातात दिला नाही.

"कॅझ, इकडे ये जरा." त्याने आम्हाला बाजूला घेतलं. "हे घेऊ नकोस. पैसे परत मागून घे."

"का?"

"हे गवत गेल्या वसंतात घातलंय. त्याआधीचंही एकदा बदललं. ते शेतावरून गुंडाळून येतं रे, सतरंजीसारखं. मला वाटलं तुला माहीत असेल. तू तर रोज बघत होतास."

कॅझने चौकोनाकडे पाहिलं. छान हिरवा होता. "मग ती?"

"ती मातीत. माती आम्ही कधी बदलली नाही."

"माती विकताय?"

"बरण्यांत भरून विकतात ती फलंदाजाजवळची, लाल. कोपऱ्यातली कोण घेतंय?" ऑर्विलने टोपी काढून परत घातली. "ती ट्रकने जाते. सोमवारपासून. नव्या स्टेडियमच्या पार्किंगखाली भराव घालायला. तिकडे जमीन सखल आहे."

"पार्किंगमध्ये कुठे?"

"मला कसं कळणार? ओततात आणि रोलर फिरवतात. माफ कर, गड्या."

"तू कशाला माफी मागतोस," कॅझ म्हणाला. मागे रांगेत बाळगाडीवाली बाई होती. त्याने तिला विचारलं, "तुम्हाला एक आणखी हवा का? चांगला आहे, खांबाजवळचा." ती खूश झाली. आम्ही रिकामा टब घेऊन चालत घरी आलो. अंगणातला खड्डा त्याने त्याच दुपारी बुजवला. संध्याकाळी मी सूप नेऊन दिलं, ते तो प्यायला.

सोमवारी ट्रक सुरू झाले. आमच्याच गल्लीतून जायचे, ताडपत्री टाकून. कॅझ पहिल्या दिवशी पायरीवर उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून घरातच बसला. स्टेडियम पाडताना आमच्या कपाटातल्या बश्या वाजायच्या. मी त्या खाली काढून ठेवल्या.

नव्या स्टेडियमला दोन वर्षं लागली. जागा दाखवणाऱ्यांना पुन्हा अर्ज करायला सांगितलं होतं. कॅझने केला नाही. पण पहिल्या सामन्याच्या सकाळी त्याने फोन केला. "पेग, गाडी चालवतेस? मला डोळ्यांमुळे हमरस्त्यावर नेता येत नाही."

"तिकिटं आहेत?"

"पार्किंगचं आहे."

मी चीजची सँडविचेस केली. पार्किंग एवढं मोठं होतं की पलीकडचं टोक दिसत नव्हतं. नारिंगी बंडी घातलेली एक जाडजूड बाई झेंडा हलवत होती. "कुठे लावायची, सर?" तिने खिडकीतून विचारलं. "दरवाजाजवळ की लांब?"

"कुठेही," कॅझ म्हणाला.

आम्ही कडेच्या रांगेत लावली. लोक हातमोजे, झेंडे घेऊन आत गेले. आम्ही रेडिओ लावला. कॅझने दार उघडून पाय खाली सोडले आणि डांबराकडे बघत सँडविच खाल्लं. काही डाव झाल्यावर तो म्हणाला, "पेग, जरा पलीकडे घेतेस?" मी गाडी काढून चार रांगा सोडून लावली. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा मी किल्ली फिरवली तेव्हा नारिंगी बंडीवाली चालत आली.

"बाई, झालंय काय? आत जायचं नाही का तुम्हाला? एवढे पैसे भरून लोक इथे बसायला येत नाहीत."

"आम्ही सावली बघतोय," मी म्हणाले.

तिने सगळीकडे मान फिरवली. त्या पार्किंगमध्ये एकही झाड नव्हतं. "बरं, बघा," ती म्हणाली. "पण रेषेच्या आत लावा."

सामना संपला. स्टोकर्स जिंकले की हरले ते माझ्या लक्षात राहिलं नाही. गाड्या निघायला तास लागला आणि आम्ही सगळ्यांना जाऊ दिलं. मग कॅझने पाय आत घेतले आणि दार लावलं.

"पुढचा सामना कधी आहे?"

"मंगळवारी."

"मंगळवारी त्या टोकापासून सुरू करू," तो म्हणाला, आणि कुंपणाकडे बोट दाखवलं.

मंगळवारी आम्ही त्या टोकाला लावली.