तापल्या वाळूत बांधलेला कुत्रा

मंडळी, डोकं अजून गरम आहे. आम्ही नवरा-बायको दोन कुत्रे घेऊन कॅराव्हॅननं जैसलमेरकडं फिरून राहिलो. आज दुपारी ढाब्यावर महाराष्ट्राची कॅराव्हॅन दिसली. मालक आत एसीत, अन् त्याचा कुत्रा बाहेर वाळूत बांधलेला.

मी म्हटलं, "भाऊ, पाय पोळून राहिले त्याचे. आत घ्या न."

"आधी मराठी नीट बोला. गाडी तर एमपीची दिसते."

राज्यांच्या हद्दी आखल्या तेव्हा आमचं सौंसर एमपीत गेलं, भाषा घरातच राहिली. पण त्याच्याशी काय बोलायचं? गावी उन्हाळ्यात करतो तसं पोतं ओलं करून वाळूवर टाकलं. म्हटलं, "बस बाबू, इथं बस."

कुत्रा लगेच बसला.

त्याले माही मराठी समजली. मालकाले काहून नाही समजली, सांगा बरं?