पिचरचा हात

भर उन्हात विलासदादा उजव्या हातावर जाकीट पांघरून मैदानाकडेला बसला होता. आपल्या संघाची बॅटिंग चालू असताना बेसबॉलचा पिचर चेंडू फेकणारा हात गार पडू देत नाही. कंपनीने त्याला या हातासाठीच नोकरी दिली होती.

"कोपर कसंय, दादा?" मी विचारलं.

"इंजेक्शन घेतलंय. फायनल निघेल."

"आणि नंतर?"

"नंतर नवा पिचर. तू कशाला तापतोस?" तो हसला.

यंत्र कुरकुरलं तर मालक ते थांबवतो, कारण ते त्याचं असतं. हात मात्र कामगाराचा. तो मोडला तर मालकाचं काय जातं?

पुकारा झाला. दादा उठला, मान पुढे करून म्हणाला, "वरचं बटण लाव रे. हात गळ्यापर्यंत येत नाही."

मी बटण लावलं. तो फेकायला गेला.