वडिलांचे दोन दाखले

माझे वडील ठाण्याला कोपरीत वारले. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, तिच्या मांडीवर. दाखल्यावर मात्र ते डोंबिवलीत, माझ्या राहत्या घरी वारले असं आहे, आणि नातेवाईक आजही तेच सांगतात. शेवटपर्यंत मुलाने केलं हो, म्हणतात. हे ऐकून ऐकून मला वीट आला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या चार-सहा वर्षांतली गोष्ट. वडिलांचं दुखणं वाढलं तेव्हा आमच्या दोन खोल्यांत बायकोचं बाळंतपण होतं, आई त्यातच गुंतलेली, आणि डॉक्टर ठाण्याचे. म्हणून ‘तात्पुरतं’ त्यांना ताईकडे ठेवलं. हे तात्पुरतं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत चाललं. त्यांचं सगळं ताईने केलं. मी रविवारी जायचो, चहा घ्यायचो, परतायचो.

ते गेल्याचा निरोप आला तसे मी आणि काका धावत कोपरीला पोचलो. ताईचे सासरे शेजाऱ्यांना बांबू आणायला सांगत होते. काकांनी मला ओटीवर बाजूला घेतलं.

“लेकीच्या दारातून तिरडी काढणार? लोक विचारतील, मुलगा काय परदेशात होता?”

“मग काय करू, काका?”

“घरी न्यायचं. घरी गेल्यावर प्राण गेला म्हणायचं. हाय काय नि नाय काय.”

वडील स्वतःही या रीतीचेच. ताईकडे जेवले की पाटाखाली आणा ठेवायचे, लेकीचं अन्न फुकट नको म्हणून. ताईने एकदा तो उचलून खिडकीबाहेर भिरकावला तेव्हा थांबले. ती गंमत आठवायची ती वेळ नव्हती. मी काकांचं ऐकलं.

ताईच्या सासऱ्यांना क्रिया घरून करायचीय एवढंच सांगितलं आणि भाड्याची मोटार आणली. वडिलांना टोपी, मफलर घालून मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये बसवलं. ड्रायव्हरला आजारी आहेत म्हणून सांगितलं. मुंब्र्याच्या पुढे रस्त्याला नुसते खड्डे. तो आरशात बघून म्हणाला, “म्हाताऱ्याला जरा आडवं करा की साहेब. मान बघा कशी डुलतेय.” काका म्हणाले, “तू पुढे बघ.” ताई मागाहून आगगाडीने आली. तोवर वडील डोंबिवलीत वारलेही होते. दोन शेजारी साक्षीला घेऊन मी तिथल्या कचेरीत नोंद केली.

तेराव्याला एका आत्याने ताईला सगळ्यांदेखत विचारलं, “जायच्या वेळी तू नव्हतीस ना गं जवळ?” ताई वाढत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “नव्हते.” पुढच्या पानाकडे गेली.

इथवर निभावलं असतं. पण आईचं पुढचं सगळं वडिलांच्या कारखान्यातल्या फंडावर होतं. माझ्या पगारात आमचंच भागत नव्हतं. फंडासाठी दाखला लागतो म्हणून मी डोंबिवलीचा दिला. महिने गेले. खेटे घालून चपला झिजल्या. कधी साहेब रजेवर, कधी शिक्का कपाटात आणि किल्ली साहेबाकडे. शेवटी तिथल्या कारकुनाने दोन कागद माझ्यापुढे सरकवले.

“तुमचे वडील दोनदा वारलेत. एकदा ठाण्यात, एकदा डोंबिवलीत. आम्ही एकदाच पैसे देतो. कुठलं मरण ठेवायचं ते ठरवा नि या.”

दुसरा दाखला ताईच्या सासऱ्यांनी पाठवला होता. घरात माणूस गेलं की कळवायचं असतं, या सरळ हिशेबाने त्यांनी ताईच्या सहीने नगरपालिकेत नोंद करवली होती. आणि आईचं काम लवकर व्हावं म्हणून दाखला परस्पर कारखान्यात नेऊन दिला होता. मला त्यांचाच राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येणं किती सोपं असतं.

मी डोंबिवलीची नोंद खोटी म्हणून सांगू शकलो असतो. साक्षीदार अडकतील, पोलीस येतील, असं मी बायकोला सांगितलं. ते निमित्त होतं. बाप लेकीकडे मेला हे मला चारचौघांत बोलायचं नव्हतं. मी कोपरीला गेलो, ठाण्याची नोंद ताईनेच मागे घ्यावी म्हणून.

“काय लिहून देऊ?” ताई म्हणाली. “माझ्या मांडीवर गेले ते गेलेच नव्हते म्हणून?”

“आईचं अडलंय गं.”

“आईचं अडलंय का तुझं?”

तिने पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

नगरपालिकेतल्या माणसाने तिचा अर्ज वाचला. वडिलांना इथून नेलं तेव्हा ते जिवंत होते, माझी समजण्यात चूक झाली, असा मजकूर मीच घातला होता. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “बाई, जिवंत बापाला मेला म्हणून नोंदवलंत? जरा शुद्धीवर राहत जा.” रांगेतलं कोणीतरी हसलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो आणि भिंतीवरची सूचना वाचत होतो. ताई म्हणाली, “चुकलं माझं,” आणि दाखवलं तिथे सही केली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “आता होईल ना आईचं काम?”

“होईल,” मी म्हणालो.

झालंही. आई तेवढ्यावर शेवटपर्यंत कुणापुढे हात न पसरता राहिली, आणि मुलगा खटपट्या म्हणून माझंच कौतुक करत राहिली. ताई समोर बसलेली असली तरी.