दिवा लावला, सर्व ठीक

जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींशी बोलत नसल्या, की आमच्या भावोजींना अन्न गोड लागत नाही. माणसं बोलेनाशी झाली तर त्यांना त्याचं फारसं काही नसतं. त्यांच्या स्वतःच्या दोन काकांत कित्येक वर्षं अबोला आहे आणि भावोजी दोघांकडे आळीपाळीने जेवून येतात. पण बोईसरच्या एखाद्या कारखान्यात वजनकाटा एकीकडे, बिलाचं सॉफ्टवेअर दुसरीकडे आणि मधे एक कारकून चिठ्ठी घेऊन पळतोय असं दिसलं, की यांचा जीव कासावीस होतो. "अहो मेहुणे, एका छपराखाली राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत! शोभतं का हे?" असं ते इतक्या कळवळून म्हणतात, की कुणाचा मोडलेला संसार सांधायला निघालेत असंच वाटावं. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला पालघरला, धंदा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. कारखान्यांची निरनिराळी सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडून द्यायची, हाताने होणारी कामं आपोआप होतील अशी सोय करायची, आणि मग ती सोय रुसली की वर्षभर तिची समजूत काढत बसायचं, हा तो धंदा. या समजूत काढण्याला ते सपोर्ट म्हणतात, आणि त्यांचं घर त्याच्यावरच चालतं.

आता माझं नशीब बघा. मी बोईसरला रंगाची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात आहे, आणि आमच्या कंपनीचं कंत्राट नेमकं भावोजींकडे. त्यामुळे लोकांना जावयाचे धक्के सणासुदीला बसतात, मला रोज बसतात. त्यांनी आमचा वजनकाटा गेटपासला जोडला, त्याच आठवड्यात सकाळी सकाळी गेटवरचा वॉचमन धापा टाकत माझ्यासमोर उभा. "साहब, भैंस का पास निकल गया. छोड़ूँ क्या?" मी म्हटलं, हा प्यायलाय. बाहेर जाऊन बघतो तर काय, शेजारच्या पाड्यावरची एक म्हैस काट्याच्या मधोमध शांतपणे रवंथ करत उभी, आणि यंत्राने तिचं वजन घेऊन, पास छापून, वर "आपल्या भेटीबद्दल आभार" असंही लिहून दिलेलं. मी हादरलो! भावोजींना फोन लावून ओरडलो, तर पलीकडून आनंदाचा चीत्कार. "म्हणजे काटा चालतोय! मेहुणे, तुम्हाला सांगतो, वजन बरोबर आलं असणार." म्हशीला कुठे पाठवायचं हा त्यांचा विषयच नव्हता.

दुसऱ्या वेळी तर मी खुर्चीतून उठलोच. आम्हाला पोती पुरवणारी कंपनीसुद्धा भावोजींचीच गिऱ्हाईक. आमच्याकडून ऑर्डर गेली, की त्यांच्याकडून आपोआप पोच यायची, आणि पोच आली की आमच्याकडून आपोआप आभार जायचे. इथवर ठीक. पण तिकडेही आभारांना पोच द्यायची सोय करून ठेवलेली! दुपारी जेवून येऊन बघतो तर दोन्ही कंपन्या एकमेकींचे आभार मानतायत, पोच देतायत, परत आभार मानतायत. व्याह्याव्याह्यांनी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत पंगत अडवून धरावी, तसा प्रकार. खरी ऑर्डर त्या ढिगाखाली कुठे गाडली गेली देव जाणे. भावोजी आले, स्क्रीनकडे कौतुकाने बघत म्हणाले, "भांडत तर नाहीयेत ना?"

बिघाड कसलाही असो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचं काय हलवलंत?" समोरचा ठरलेलं उत्तर देतो, "काही नाही." मग भावोजी डोळे मिटून मान हलवतात. माणसाच्या सगळ्या दुःखाचं मूळ या "काही नाही"मध्ये आहे असा त्यांचा पक्का सिद्धान्त आहे. ताईचं पोट दुखलं तरी हेच, रिक्षा बंद पडली तरी हेच. मनोरला एका लग्नात नवरदेव ऐन वेळी घामाघूम झाला, तर हे त्याच्या कानाशी लागून विचारतायत, "शेवटचं काय हलवलंत?" ताईने पदर तोंडावर ओढून घेतला. नातेवाइकांचे वाढदिवस तर त्यांनी केव्हाच यंत्राच्या हवाली केले होते. आमचे एक मामा वारले. स्मशानात सगळे खाली मान घालून उभे, आणि मामांच्या मुलाच्या खिशात मामांचा फोन किणकिणला. त्याने बघितलं आणि पांढराफटक पडला. भावोजींचा संदेश होता: "उदंड आयुष्य लाभो." नेमका त्या दिवशी मामांचा वाढदिवस, त्याला कोण काय करणार! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भावोजी मात्र हळूच माझ्या कानात म्हणाले, "वेळेवर गेला हो."

या गृहस्थाला यंत्रांबद्दल बोलायला लावलं तर सूर्य मावळेल, पण माझ्या आईसमोर बसवलं की यांची वाचा जायची. आई दातिवऱ्याला एकटी राहते. बाबा गेल्यापासून आम्ही दोघं भावंडं तिच्या मागे लागलोय, पालघरला ये म्हणून. ती अंगणात बारीक कोळंबी वाळत घालते आणि म्हणते, "तुमच्या बिल्डिंगीत जवळा कुठं सुकवू? तुमच्या डोक्यावर?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासू आणि जावई यांच्यात दोनच वाक्यं होती. ती म्हणायची, "बसा जावईबापू." हे म्हणायचे, "हो हो." मग ती ताटात पापलेट वाढून दाराआड उभी राहायची, आणि हे जेवता जेवता घरातल्या वायरींकडे बघत राहायचे.

बघता बघता त्यांना वाटलं, आईचीही सोय करावी. आई फोन उचलत नसे. फोन उशीखाली आणि ती अंगणात. ताईचा जीव टांगणीला. तेव्हा भावोजींनी ओटीवरचा दिवा आमच्या फोनला जोडला. तिन्हीसांजेला आईने दिवा लावला, की घरच्या ग्रुपवर आपोआप यायचं: "दिवा लावला. सर्व ठीक." काय आनंद झाला सगळ्यांना! भावोजींकडून लगेच उत्तर जायचं, "छान, आई. काळजी घ्या." ताई कौतुकाने मला म्हणायची, कामाच्या धबडग्यातसुद्धा विसरत नाहीत बघ. ते उत्तरही यंत्रच देत होतं हे तिला पुढे कळलं. आणि आम्ही? आधी ताई रोज संध्याकाळी फोनला चिकटून बसायची, आई उचलेपर्यंत. मी रविवारी जायचो. संदेश यायला लागला तशी ताई म्हणायला लागली, आलाय ना निरोप, मग कशाला तिला कामातून उठवा. माझेही रविवार गळत गेले. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी पालघरजवळ कोळगावला माझ्या घरी चहा पीत होतो. संदेश आला, दिवा लावला, सर्व ठीक. मी कप खाली ठेवतोय तोवर फोन वाजला. आईच्या शेजारच्या हिरामावशी. "अरे, तुझी आय पडलीय! दुपारपासून मोरीत पडून हाय."

आणि मी, चांगला शिकलासवरलेला माणूस, त्यांना काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "नाही हो मावशी, ठीक आहे ती. आत्ताच निरोप आलाय, दिवा लावला म्हणून."

"अरे मेल्या, दिवा लागलाय! आय उठत नाय!"

मी गाडीची किल्ली उचलून धावलो. आईने दिवा लावला नव्हता तर लावला कुणी? गाडीत बसल्यावर भावोजींना फोन केला. ते इतकंच म्हणाले, "मी आपोआप केला होता." झालं असं होतं, की मागच्या खेपेला त्यांनी आईला बटणाकडे जाताना पाहिलं होतं. गुडघ्यावर हात दाबत, भिंतीला धरत. त्यांना गलबलून आलं आणि त्यांनी कुणाला न सांगता अंधार पडला की दिवा आपला आपण लागेल अशी सोय करून टाकली. निरोप त्या दिव्यालाच बांधलेला आहे, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. तेव्हापासून अंधार पडत होता, दिवा लागत होता, निरोप येत होता, यांचं यंत्र "काळजी घ्या" म्हणत होतं, आणि आई त्या सगळ्यात कुठेच नव्हती. पोती आणि पावडरवाल्या दोन कंपन्यांसारखं आमच्या घरात चाललं होतं, आणि आम्ही सगळे त्यावर निर्धास्त!

हिरामावशी नसत्या तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही पुरा करत नाही. पोचलो तर त्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "दिवा बघून मी पन गप होते रे. पन जवळा भायेरच पसरलेला. तुझी आय जवळा दवात टाकील काय?" आई शुद्धीवर होती. माझ्याकडे बघून कण्हत म्हणाली, "आधी जवळा आत घे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. पालघरला दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर भावोजी बसलेले, आणि त्यांच्या खिशात बोईसरचे सगळे कारखाने एकामागून एक वाजतायत. हा स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआडून फोन उचललेला माणूस. त्याने तो खिशातून काढला आणि बंद करून टाकला. ताई त्यांना नको नको ते बोलून गेली. "माझ्या आईलासुद्धा काट्याला जोडलंत का हो?" ती आत गेल्यावर भावोजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेहुणे, मी लोकांना विचारतो ना, शेवटचं काय हलवलंत म्हणून?"

"हं."

"मी हलवलं हो. मी." आणि एवढा मोठा माणूस हुंदके द्यायला लागला. "त्यांचा गुडघा दुखत होता..." मला त्यांचा राग यायला हवा होता. येईना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो, कारण निरोप वाचून फोन न करणारे आम्ही तरी कोण मोठे लागून गेलो होतो!

बरी झाल्यावर आई महिनाभर ताईकडे राहिली आणि मग जे करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं तेच तिने केलं. वॉकर घेऊन दातिवऱ्याला परत. भावोजी हत्यारांची पिशवी घेऊन हजर. एक एक वायर काढली, दिव्याचं बटण खाली, तिच्या खुर्चीपाशी आणून बसवलं. आई दाराआड उभी राहू शकत नव्हती, म्हणून समोरच बसून बघत होती. त्या दिवशी ती त्यांच्याशी तिसरं वाक्य बोलली. "जावईबापू, दिव्याला नका विचारायला लावू. तुमी या नि विचारा."

आता सासूचं हे सांगणं म्हणजे नुसती बोलायची रीत. पण या गृहस्थाने ते शब्दशः घेतलं. बोईसरहून दातिवरे म्हणजे पालघर मागे टाकून समुद्राच्या अंगाला आणखी बरंच आत. हे रोज संध्याकाळी स्कूटरवर निघायला लागले! गिऱ्हाइकांना फोनवर सांगतात, साइटवर आहे. मागून आईचा आवाज ऐकू येतो, "जावईबापू, तो जवळा उलथा, नुसते फोनवर काय बोलता?" परवा आमच्या मॅनेजरने मला विचारलं, ही कुठली कंपनी हो, तिथल्या बाई फार कडक दिसतात. ग्रुपवर आता भावोजी स्वतः बोटांनी लिहितात, चुका करत. "आई ठीक. भाकरी खाल्ली. मला आळशी म्हणाल्या." कधी, "आई ठीक. तुमच्या वडिलांच्या होडीची गोष्ट सांगितली, परत सांगितली." मी इतकी वर्षं त्या घरात वाढलो, होडीची ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. ते वाचताना ताईचे डोळे भरतात हे मी पाहिलंय.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी काहीच आलं नाही. अंधार झाला तरी नाही. भावोजींना फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. आईला लावला, आणि नवल म्हणजे तिने पहिल्याच खेपेला उचलला.

"आई, तू बरी आहेस ना? भावोजी कुठे आहेत? निरोप का नाही?"

"हळू बोल," ती कुजबुजली. "ओटीवर अंदारातच निजलाय. दमून आलता, बसल्या बसल्या डोला लागला पोराचा."

पोराचा. जावईबापूंचं पोर कधी झालं, मला कुणी कळवलं नव्हतं.

"अगं, मग दिवा तरी लाव. अंधारात काय बसलीस?"

"नाय लावत," आई म्हणाली. "उजेड डोल्यावर येल त्याच्या."

तिने फोन ठेवला. मीही मग घरातला दिवा न लावता तसाच खिडकीशी बसून राहिलो.